सीटीच्या थिन स्लाइस रुग्णाला द्या

महोदय,

आधी मॉडेलवर तालीम आणि मग शस्त्रक्रिया, हे ऐकले की परदेशातली बातमी आठवते. जून 2022 मध्ये रिओ दि जानेरोत डोकी जुळलेली बर्नार्डो आणि आर्थर ही जुळी भावंडे वेगळी केली. त्याआधी तिथले आणि लंडनचे सर्जन डोळ्यांना हेडसेट लावून एकाच आभासी खोलीत सराव करत होते. त्यातले लंडनचे सर्जन डॉ. ओवेस जिलानी मूळचे काश्मीरचे.

आमचे प्रकरण एवढे अवघड नव्हते. गेल्या वर्षी धाकटा भाऊ मोटरसायकलवरून पडला आणि खुब्याची वाटी फुटली. सर्जननी टेबलावर सीटी स्कॅनवरून थ्रीडी प्रिंटरने छापलेली पांढऱ्या प्लास्टिकची दोन हाडे, म्हणजे मॉडेल, ठेवली. एक फुटलेल्या बाजूचे, दुसरे धडधाकट बाजूवरून आरशासारखे उलटवून छापलेले. या दुसऱ्यावर स्टीलची पट्टी टेकवून वाकवत ते म्हणाले, "हे थिएटरमध्ये जखम उघडी ठेवून करायचं, तर तेवढा वेळ रक्त जाणार." तोवर एक्स-रे बघून नुसती मान हलवणाऱ्या आईने फुटक्या हाडाच्या भेगेवरून बोट फिरवले आणि पहिल्यांदा प्रश्न विचारला.

पण ही हाडे छापण्याआधी दोन दिवस वाया गेले. सीटी सेंटरने फिल्म आणि रिपोर्ट दिला होता. सर्जननी डेटा मागितल्यावर कळले, की फक्त 5 मिलिमीटर जाडीच्या स्लाइस, म्हणजे शरीराच्या आडव्या कापांची चित्रे, जपून ठेवल्या आहेत. मॉडेलला 1 मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लागतात. जाड स्लाइस एकावर एक रचल्या की हाडावर जिन्यासारख्या पायऱ्या उमटतात, बारीक भेगा बुजतात. पातळ स्लाइस मशीनवर होत्या, जागा हवी म्हणून पुसल्या. मग भाऊ पुन्हा स्ट्रेचरवर. पुन्हा पैसे, पुन्हा किरणे.

प्रत्येक फ्रॅक्चरला मॉडेल लागत नाही, मनगटाच्या साध्या मोडीला तर मुळीच नाही. पण कमरेची, चेहऱ्याची हाडे किंवा लहान मुलाचे हृदय असेल, तर ते लागेल की नाही हे सीटीच्या दिवशी कुणाला ठाऊक असते? म्हणून आरोग्य खात्याने थिन (पातळ) स्लाइसची डायकॉम फाइल, म्हणजे स्कॅनची मूळ डिजिटल फाइल, सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर देणे सेंटरना सक्तीचे करावे. ‘मागतं कोण?’ असे सेंटरवाले म्हणतात. फिल्मच्या पाकिटावर एक ओळ छापली, तरी लोक मागू लागतील.

– एक वाचक, सातारा