मशीन हळू चालतंय की थांबतंय, हे आधी विचारणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

नाव कुठं लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं दादा. पैसे घेतले नाहीत. फोनवर आभार मानायला गेलो, तर "आधी एक अख्खा रोल मारून बघा" म्हणून फोन ठेवून दिलात. रोल मारून झालाय, त्यामुळे आता ऐकून घ्यावं लागेल. पत्र असं उघड लिहायला कारण आहे. लाइट जाऊन आल्यावर मोठा प्रिंटर रांगायला लागला की माणूस आधी स्क्रू ड्रायव्हर शोधतो. तुम्ही मला ज्या क्रमानं बघायला लावलंत, तो क्रम अशा आणखी कुणाच्या हाती लागावा.

तुम्हाला ठाऊकच आहे, इतरांसाठी सांगतो. छपाई चालू असताना लाइट गेली. यूपीएसनं थोडा वेळ तग धरला, मग बॅटरीही उतरली आणि मशीन पासच्या, म्हणजे शाई मारत जाणाऱ्या एका फेरीच्या, मधेच बंद पडलं. लाइट आल्यावर सगळं सुरळीत सुरू झालं, पॅनेलवर एरर एकही नाही. फक्त एरवी बघता बघता निघणारं पोस्टर आता संपता संपेना. निदान करणारे मात्र भरपूर भेटले. कुणी म्हणालं शाई उडवणारं हेड चोक झालंय, कुणी म्हणालं कॉम्प्युटरमधला प्रिंटरचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाका. एका सर्व्हिसवाल्यानं तर मशीन न बघताच मेनबोर्ड गेल्याचं जाहीर करून टाकलं.

तुमचा पहिला प्रश्न वेगळाच होता. "कॅरेज हळू चालतंय, की थांबून थांबून चालतंय?"

मी झाकणाच्या काचेतून बघत उभा राहिलो. कॅरेज, म्हणजे हेड वाहून नेणारा गाडा, या टोकापासून त्या टोकापर्यंत नेहमीच्याच वेगानं जात होतं, पण टोकाला पोचलं की तिथंच उभं. मग एकदम दोन-तीन पास धडाधड, आणि पुन्हा उभं. जिथं जिथं ते थांबलं होतं, तिथं गडद निळ्या भागात बारीक आडवी रेघ होती. बोटाला लागत नव्हती, पण मीडिया, म्हणजे ज्यावर छापतो तो रोल, तिरपा धरला की उजेडात दिसायची. आधीच्या पासची शाई जास्त वेळ वाळली की पुढचा पास तिच्यावर वेगळा बसतो, त्याची ती खूण, हे तुम्ही फोनवरूनच सांगितलंत. हेडच्या दोषानं येणाऱ्या बँडिंगची, म्हणजे आडव्या पट्ट्यांची, रेघ ठरावीक अंतरानं येते; ही कशीही येत होती. म्हणजे मशीन थकलेलं नव्हतं, ते कशाची तरी वाट बघत होतं.

तरीही हेडचं तुम्ही आधी बघायला लावलंत, आणि ते बरोबरच होतं. लाइट गेली तेव्हा हेड कॅपवर, म्हणजे बाजूच्या झाकणावर, न जाता मीडियावर उघडं राहिलं होतं. तसं राहिलं की नोझलमध्ये, म्हणजे हेडच्या बारीक छिद्रांत, शाई सुकते. नोझल चेकमध्ये काळ्याच्या दोन-चार रेघा तुटक आल्या, बाकी रंग स्वच्छ. एक साधं क्लीनिंग, बस. "सारखं बंद-चालू करू नका, दर वेळी ते स्वतःला धुतं आणि तुमची शाई वेस्ट टँकमध्ये जाते," हे तुमचं वाक्य मी आमच्या सगळ्या ऑपरेटरना ऐकवलंय. शिवाय नोझल बंद असली तर छपाई खराब होते, पण त्यानं मशीन टोकाला जाऊन थांबत नाही. हे एवढं साधं मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

मग तुम्ही मशीनच्या स्वतःच्या मेमरीतली टेस्ट प्रिंट काढायला सांगितलीत, कॉम्प्युटरचा काही संबंध न ठेवता. ती पहिल्यासारखी सुसाट निघाली. माझ्या मते सगळ्या तपासातली सर्वात कामाची गोष्ट हीच, कारण तिथंच मेनबोर्ड, मोटर, कॅरेजला आपली जागा कळवणारी एन्कोडर पट्टी, सगळ्यांवरचा संशय उडाला. पास किती आहेत आणि छपाई दोन्ही दिशांनी होतेय ना, हेही बघून घेतलं. कधी कधी सेटिंग मूळपदावर जातं आणि एकाच दिशेनं छपाई सुरू झाली की वेळ जवळपास दुप्पट लागतो. आमचं जसंच्या तसं होतं. डिझाइनचं छपाईच्या ठिपक्यांत रूपांतर करणाऱ्या रिप सॉफ्टवेअरला आधी पूर्ण फाइल तयार करू दिली आणि मग पाठवली, तरी तेच. उरली फक्त वाट, कॉम्प्युटरपासून प्रिंटरपर्यंतची.

इथं मी अडलो होतो, कारण पिंग, म्हणजे जोडणी तपासायचा छोटा संदेश, व्यवस्थित जात होतं. तेव्हा तुम्ही हिशेब घातलात. ए0 म्हणजे 841 गुणिले 1189 मिलिमीटर. 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, जवळजवळ 14 कोटी पिक्सेल, प्रत्येकी तीन बाइट धरले तर दाबून लहान न केलेली फाइल 42 कोटी बाइटची. सेकंदाला 100 मेगाबिटच्या लाइनवर ती उत्तम परिस्थितीत 34 सेकंदांत जाते, 10 च्या लाइनवर साडेपाच मिनिटांच्या वर. "पिंगमध्ये चिमूटभर डेटा असतो, तो कुठल्याही बोळातून जातो. मोठी फाइल दोन कॉम्प्युटरमध्ये पाठवून बघा." पाठवली. कॉम्प्युटर आणि प्रिंटर जोडणाऱ्या त्याच नेटवर्क स्विचवरून झरकन गेली. म्हणजे स्विचही ठीक, अडचण फक्त प्रिंटरची केबल लागते त्या पोर्टवर.

प्रिंटरच्या पॅनेलवर नेटवर्कचं पान उघडायला लावलंत. तिथं 100, फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं), असं हातानं पक्कं केलेलं. स्विचच्या पानावर त्याच पोर्टला 100, हाफ (एका वेळी एकच), आणि शेजारी चुकांचा आकडा डोळ्यांदेखत वाढत होता. स्विच बसवणाऱ्यानं कधीकाळी तिथंही फुल पक्कं केलेलं असणार, पण कायमच्या मेमरीत सेव्ह केलं नसणार, असा तुमचा अंदाज. लाइट थोडाच वेळ गेली तर यूपीएसमुळे स्विच कधी बंदच झाला नव्हता, त्यामुळे इतकी वर्षं कुणाला पत्ता नाही. या वेळी बॅटरी उतरली, स्विच नव्यानं उठला आणि त्याचा पोर्ट ऑटोवर, म्हणजे समोरच्याशी बोलून आपणच सेटिंग ठरवण्यावर, गेला. ऑटोवर असलेल्या बाजूला समोरून वाटाघाटीचा संकेत आला नाही, तर वेग तिला ओळखता येतो, डुप्लेक्स ओळखता येत नाही. अशा वेळी हाफ धरायचं, असा नियमच आहे. मग एक जण समोरचा बोलून थांबेपर्यंत गप्प राहणारा आणि दुसरा हवं तेव्हा मधेच बोलणारा, अशी जोडी जमते. प्रिंटरची पोच आणि स्विचचा डेटा एकमेकांवर आदळत होते, तुकडे वाया जात होते, ते पुन्हा पाठवेपर्यंत कॅरेज टोकाला उभं. प्रिंटर ऑटोवर टाकला, दोन्हीकडे फुल दिसलं, आकडा वाढायचा थांबला आणि छपाई सुटली. ज्या मेनबोर्डचं तेरावं घालायचं ठरलं होतं, तो ठणठणीत निघाला.

नंतर तुम्ही सांगितलेलं बहुतेक केलंय. स्विचचं सेटिंग सेव्ह करून त्याची प्रत ठेवली. लाइट गेली की हेड कॅपवर नेऊन मशीनचा मेन स्विच बंद करायचा, आणि आल्यावर व्होल्टेज स्थिरावल्याशिवाय चालू करायचा नाही, ही सवय लावलीय. हीटर यूपीएसवरून काढलेत, आता बॅटरीवर फक्त छपाई थांबवून हेड कॅपवर नेण्याइतकाच भार आहे. एका बाबतीत मात्र तुमचं ऐकलं नाही: प्रिंटरमध्ये आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, पक्का करण्याऐवजी राउटरमध्येच तो पत्ता त्याच्यासाठी राखून ठेवलाय. हातानं पक्क्या केलेल्या गोष्टींची मी आता धास्ती घेतलीय, एवढं समजून घ्या.

खरं सांगायचं तर तुम्हाला यातलं काहीच करायची गरज नव्हती. मशीन तुम्ही विकलेलं नाही, करार तुमच्याशी नाही, ओळखही एका ओळखीच्याच्या ओळखीची. तरी संध्याकाळची वेळ मोडून, माझी उत्तरं येईपर्यंत तुम्ही लाइनवर थांबलात, आणि एकदाही "अहो, एवढंही माहीत नाही?" असं म्हणाला नाहीत. त्याबद्दल मनापासून आभार.

काळ्याची दोन नोझल अजून हट्ट धरून आहेत. क्लीनिंग वाढवू का, की हेडला शाई पुरवणारा डॅम्पर बघू? सवडीनं कळवा, आणि या वेळी तरी फी सांगा.

आपला,
मोठ्या मशीनवाला