आई-बाबा, माझ्या कामाबद्दल खरं सांगायचं राहून गेलं होतं

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा आईने मध्येच "जेवलीस का?" विचारलं, मी "हो" म्हटलं आणि विषय तिथेच राहिला. म्हणून लिहितेय. आधी हे ऐका: मी बरी आहे, आजारी नाही, मला कोणी कामावरून काढलेलं नाही, पैशांची अडचण नाही. आई, उभ्याने वाचत असशील तर खाली बस. घाबरायचं म्हणून नाही, गुडघ्यासाठी सांगतेय.

मी पाहुण्यांच्या स्वागत कक्षात काम करत नाही. पहिल्या दिवसापासूनच करत नव्हते. मी सफाई विभागात आहे. या मनोरंजन पार्कमधले रस्ते झाडते, कचऱ्याचे डबे रिकामे करते आणि दिवसाआड माझी ड्युटी स्वच्छतागृहांवर असते.

लिहून झालं. आता पुढचं सांगता येईल.

इंटर्नशिपच्या अर्जात आवडीची कामं क्रमाने लिहायची होती. मी पहिलं स्वागत कक्ष लिहिलं, दुसरं राइड चालवणं, तिसरं माहिती केंद्र. सफाई शेवटून दुसरी होती, आणि तीसुद्धा एखादी जागा रिकामी सोडू नका असं लिहिलं होतं म्हणून. नेमणुकीचं पत्र आलं त्यात तेवढं एकच काम होतं. कारण दिलेलं नव्हतं. जिथे माणसं कमी तिथे इंटर्न, असा सगळीकडचा हिशोब असतो हे मला नंतर समजलं. चार दिवसांत हो किंवा नाही कळवायचं होतं. त्याच आठवड्यात बाबांनी ती ठेवीची पावती मोडली होती. मी "हो" कळवलं आणि तुम्हाला "नेमणूक झाली" एवढंच सांगितलं. आईने "कुठे?" विचारलं तेव्हा माझ्या तोंडून स्वागत कक्ष निघून गेलं. ते ठरवून नव्हतं. पण एकदा निघाल्यावर मागेही घेतलं नाही, म्हणजे पुढचे सगळे दिवस ठरवूनच म्हणायला हवेत.

तो फोटो आठवतो ना, मोठ्या दारासमोरचा, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला? आईने स्टेटसला ठेवला होता. तो मी उजवीकडून कापून पाठवला होता. उजव्या हातात झाडू होता. तुमच्यापासून इतकी वर्षं काही लपवलं नाही, आणि लपवलं ते हे. दादाच्या वेळच्या त्या एप्रिलनंतर घरात कुणीच कुणाशी असं वागायचं नाही हे आपलं ठरलेलं होतं, तेही मीच मोडलं. मला माफ करा.

सुरुवातीचे पंधरा दिवस वाईट गेले, ते खोटं सांगत नाही. काम जड होतं म्हणून नव्हे. लोक बाजूने जायचे ते मी तिथे नसल्यासारखे, आणि मला सारखं वाटायचं की तुम्ही दोघं कुठेतरी उभे राहून बघताय. पहिल्यांदा ओकारी साफ करायची वेळ आली तेव्हा हात थरथरत होते. त्यावर एक भुकटी टाकतात, ती ओल शोषून घेते आणि सगळ्याचा कोरडा केर होतो. तो गोळा करायचा, मग औषध फवारायचं, आणि ते बाटलीवर लिहिलंय तितकी मिनिटं ओलंच राहू द्यायचं. आमच्या बाटलीवर दहा मिनिटं आहेत. लगेच पुसलं तर जंतू मरत नाहीत, नुसता वास बदलतो. त्या दहा मिनिटांत मी तिथे पिवळी पाटी धरून उभी होते, कुणाचा पाय घसरू नये म्हणून. खाली बघत उभी होते. आता मान वर करून उभी राहते.

बाबा, हे तुमच्यासाठी. प्रशिक्षणात आम्हाला डिस्नीलँडची गोष्ट सांगितली. १७ जुलै १९५५ ला ते उघडलं, त्याआधी प्लंबरांचा संप झालेला. वेळ इतका कमी उरला की पिण्याच्या पाण्याचे नळ आणि स्वच्छतागृहं, दोन्ही पूर्ण होणार नव्हतं. वॉल्ट डिस्नींनी स्वच्छतागृहं निवडली. त्या दिवशी कडक ऊन होतं आणि पाणी मिळेना म्हणून लोक चिडले, पण निर्णय तोच राहिला. मला लगेच तुम्ही आठवलात. पाणीपुरवठ्यात अख्खी नोकरी काढलेला माणूस यावर काय म्हणेल? तुम्ही आधी पाण्याची बाजू घ्याल, मग दहा मिनिटं गप्प बसाल आणि मग म्हणाल, "त्याचं बरोबर होतं." ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, पण विचारायचं तर आधी मी कुठे काम करते ते सांगावं लागलं असतं.

आणखी एक, तुम्हाला आवडेलच. फ्लोरिडातल्या डिस्नीच्याच मॅजिक किंगडममध्ये १९७१ ला पार्क उघडलं तेव्हापासून कचरा जमिनीखालच्या नळांतून हवेने ओढून नेतात. मूळ तंत्र स्वीडनचं. गर्दीतून कचऱ्याची गाडी न्यावीच लागत नाही. आणि नेदरलँड्समधल्या एफ्टेलिंग पार्कमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून एक लठ्ठ पुतळा आहे. तो तोंड उघडून "कागद इकडे" म्हणत मुलांना हाका मारतो आणि कागद ओढून गिळतो. मुलं जमिनीवरचे कागद शोधून आणून त्याला भरवतात. आमच्याकडे यातलं काही नाही. आमच्याकडे चाकांचे पिंप आहेत आणि आम्ही आहोत.

आता मी जे ठरवलं ते सांगते. तीन महिने झाले की बदली मागता येते. मी पहिल्याच आठवड्यात तारखेवर खूण करून ठेवली होती. मागच्या महिन्यात ती तारीख आली, भेटवस्तूंच्या दुकानात गल्ल्यावर जागाही निघाली, आणि मी नको म्हणाले. उरलेले महिने मी सफाईतच पूर्ण करणार आहे. कळवून झालं आहे, म्हणजे आता यावर चर्चा नको, पण कारणं ऐका.

दुपारच्या मिरवणुकीचा रस्ता मला पाठ झाला होता. शेवटची गाडी गेली की तिच्या मागून आम्ही सहा जण तिरक्या रांगेत झाडत निघतो, एकाच्या झाडूतून सुटलेलं दुसऱ्याने घ्यायचं. कमरेत वाकायचं नाही, मनगटाने उडवायचं. केरभरणीला लांब दांडा असतो, पुढे टेकवली की तोंड उघडतं, उचलली की मिटतं. तर दोन आठवडे माझ्या लक्षात येत होतं की पॉपकॉर्नच्या गाडीपासून पाण्याच्या राइडकडे जाताना वळणावर रोज केर साचतो, आणि वळणाच्या पुढे वीस पावलांवरचा डबा अर्धा रिकामा असतो. लोकांचं खाऊन संपतं वळणाच्या अलीकडे. मी एका वहीत रोज कोणता डबा किती वाजता भरला ते लिहून ठेवलं आणि प्रमुखांना दाखवलं. त्यांनी वही घरी नेली. चौथ्या दिवशी डबा वळणाच्या अलीकडे आला. आता तिथे झाडायला जेमतेम काही उरत नाही. माझ्या चार वर्षांच्या शिक्षणातलं कुठलंच प्रोजेक्ट मला इतकं खरं वाटलं नव्हतं. आता दुसऱ्या भागातल्या डब्यांची नोंद माझ्याकडे दिली आहे आणि नव्या मुलांना पहिले तीन दिवस मी शिकवते. गल्ल्यावर गेले असते तर हे सुटलं असतं.

आणि अजून एक कारण आहे, ते कारण म्हणावं की नाही माहीत नाही. पाचेक वर्षांचा एक मुलगा घोड्यांच्या चक्राजवळ हरवला. सगळ्यांना सोडून तो माझ्याजवळ आला. माझ्या छातीवर नावाची पट्टी आणि हातात झाडू, त्यामुळे मी इथलीच हे त्याला कळलं असावं. अशा वेळी मुलाला घेऊन फिरायचं नसतं. तिथेच थांबायचं, त्याच्या उंचीला बसायचं आणि वायरलेसवर कळवायचं, कारण आईवडील बहुधा वळून त्याच जागी येतात. माझी भाषा त्याला येत नव्हती, त्याची मला. तो रडायच्या बेतात होता. शेजारी पाण्याची बादली होती. मी ओल्या झाडूने फरशीवर एक मोठा "२" काढला. मग त्याला चोच काढली, पंख काढला, खाली पाण्याच्या दोन रेघा.

बाबा, पाटीवरचं दोनाचं बदक.

उन्हात ते डोक्याकडून वाळायला लागलं. त्याने बोट दाखवून पुन्हा काढायला लावलं. मी पाच बदकं काढली. सहाव्याला त्याची आई धावत आली, त्याला उचलून पोटाशी धरलं आणि निघून गेली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. ती जशी धावत आली ना, आई, तशी तू जत्रेत आली होतीस. पदर एका हातात, चप्पल एकच.

त्या रात्री ठरवलं की तुम्हाला सांगायचं. तरी तीन आठवडे घेतले.

आता काळजीचं. हातांना काही झालेलं नाही. हातमोजे दोन थरांचे असतात, रोज रात्री मलम लावते. बूट न घसरणारे आहेत, मोजे मध्यंतरात बदलते, पहिल्या महिन्यातले फोड गेले. लाल फडकं फक्त संडासाला, पिवळं बेसिनला, निळं आरशाला. एकाचं दुसरीकडे कधीच जात नाही, त्यामुळे किळस वाटून घेऊ नका. इथली स्वच्छतागृहं आपल्या मोरीपेक्षा स्वच्छ असतात, कारण ती मी घासते आणि दर अर्ध्या तासाला दारामागच्या कागदावर वेळ लिहून सही करते. उन्हात दर वीस मिनिटांनी पाणी पिते, तसा नियमच आहे. जेवण वेळेवर होतं. झोप तर इतकी गाढ लागते की दहावीनंतर अशी कधी लागली नव्हती. खोलीतल्या तिघी चांगल्या आहेत. आईने दिलेली गोधडी मीच पांघरते, कुणाला देत नाही.

आता माझं ऐका, आणि यात वाद नको.

आई, तू संडासात ॲसिड ओततेस आणि वर ब्लीचिंग पावडर टाकतेस, ते आजपासून बंद. दोन्ही एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. तो विषारी असतो. बाबांना दमा आहे आणि खिडकी तू लावून घेतेस. दर महिन्याला बाबांचा खोकला वाढतो तो "हवा बदलली" म्हणून नसेलही. एका वेळी एकच वापर, भरपूर पाणी ओत, खिडकी उघडी ठेव. त्यातली एक बाटली घरातून काढूनच टाक. आणि स्टुलावर चढून माळा साफ करायचा नाही. ते मी आल्यावर करेन, आता मला जास्त चांगलं येतं.

बाबा, बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही. डॉक्टरांकडे मंगळवारी जायचं ठरलं होतं, तो मंगळवार होऊन गेला हे मला माहीत आहे. आई सांगत नाही, पण तिच्या आवाजावरून कळतं. पंप श्वासात घेण्याआधी हलवायचा, घेतल्यावर चूळ भरायची.

काकांनी विचारलं तर काय सांगायचं, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. आला असला तर त्याचं वाईट वाटून घेऊ नका, माझ्याही मनात तोच आधी आला होता. सांगावंसं वाटलं नाही तर सांगू नका. पण सांगाल तर खरं सांगा. माझ्यासाठी तुम्ही खोटं बोलायला नको.

आणि एवढं शिकवून हेच का, असं वाटलं तर ते मनात ठेवू नका, मला बोलून दाखवा. आई, तुला रडू आलं तर रड, पण मग बाबांना चहा करून देताना त्यांच्यावर चिडू नकोस. पावती मोडल्याचं मी विसरलेले नाही. ते पैसे वाया गेले असं तुमच्या डोक्यात एक दिवससुद्धा राहू नये, म्हणून हे इतकं लांबलं.

या पत्रासोबत तो फोटो पुन्हा पाठवतेय, पूर्ण. झाडू नवा होता त्या दिवशी.

रविवारी माझी सकाळ मोकळी आहे. फोन करा. आधी आईने बोलायचं. मग बाबांकडे द्यायचा आणि तिने उठून आत जायचं, दाराआड उभं राहायचं नाही. बाबा, काही सुचलं नाही तर नळ आधी की संडास आधी, एवढं तरी सांगा.

तुमची,
छकुली