मासे धरायची शिकवणी

मिनीॲपोलिस, मार्च अखेर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "मासे धरायला शिकवणी लावलीस? आणि वर पैसे देऊन?" मी उत्तर द्यायच्या आत आईने फोन घेतला आणि गाडी माझ्या खोकल्यावर गेली. खोकला बरा आहे. बाबांना फोनवर निम्मं ऐकू येत नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहायला घेतलंय. आई, तू वाचून दाखव, आणि कंटाळा आला म्हणून मधली पानं गाळू नकोस.

तर हो, पैसे देऊन. दर मार्चमध्ये इथल्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये बोटी, गळ, तंबू यांचं मोठं प्रदर्शन भरतं. तिकीट काढून आत गेलं की दिवसभर एकामागून एक व्याख्यानं असतात, आणि बोलणारे सगळे मासे धरण्यावर पोट असणारे. काही जण स्पर्धांमध्ये बक्षिसं मिळवतात, काही लोकांना आपल्या बोटीतून तळ्यावर नेतात. वॉलआय या एका माशाच्या स्पर्धांची अख्खी व्यावसायिक मालिका 1989 मध्ये सुरू झाली होती, यावरून वेड किती ते समजा. हा मासा 1965 पासून मिनेसोटाचा राज्यमासा आहे. गावोगावी त्याचे पुतळे आहेत. बॉडेट नावाच्या गावात तर 40 फुटी वॉलआय उभा केलाय.

मार्चच का, तर मार्चमध्ये दुसरं करायला काही नसतं. तळी अजून गोठलेली, आणि वॉलआय धरायला फेब्रुवारीअखेरपासून मेच्या मध्यापर्यंत बंदी. कारण आपल्या 1 जून ते 31 जुलैच्या बंदीसारखंच, विणीचा हंगाम. बर्फ वितळला की हा मासा रात्री उथळ पाण्यात गोट्यांच्या तळावर येतो, अंडी टाकतो आणि निघून जातो. राखणबिखण काही नाही. मग मे महिन्यातल्या एका शनिवारी हंगाम उघडतो आणि त्या दिवशी राज्याचे गव्हर्नरसुद्धा गळ घेऊन बसतात. ही प्रथा 1948 पासूनची. आपल्याकडे मंत्री नारळी पौर्णिमेला नारळ वाहून, फोटो काढून घरी जातात. इथल्या गव्हर्नरला निदान मासा लागेपर्यंत थंडीत कुडकुडावं लागतं.

बाबा, मासा कसा असतो ते तुम्हाला आधी सांगते. अंग सोनेरी-हिरवट, पोट पांढरं, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका, तोंडात चांगले टोकदार दात. डोळे मोठे आणि दुधाळ, बघितलं तर आंधळा वाटावा. पण अंधारात बॅटरी मारली की ते डोळे पेटतात. आपल्या खाडीतल्या जिताड्याचे पेटतात तसेच. डोळ्याच्या मागे उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे आत आलेला उजेड दोनदा कामाला येतो. म्हणून हा पठ्ठ्या अंधुक उजेडात बघतो आणि त्याचं भक्ष्य चाचपडत असतं. भर उन्हात तो खोल जाऊन पडतो. खायला निघतो पहाटे, तिन्हीसांजेला, नाहीतर आभाळ भरून वारा सुटला की. फूटभर लाटा उठल्या की इथले गळवाले खूश होतात, कारण लाटांनी खालचा उजेड मोडतो. पहिल्या व्याख्यानातला अर्धा तास नुसता वाऱ्यावर गेला. वारा ज्या काठावर आदळतो तिथे पाणी गढूळतं, बारके मासे भांबावतात, आणि वॉलआय तिकडे सरकतो. लोकांना मात्र वाऱ्याच्या आडोशाची, आरामाची जागा आवडते, आणि दिवसभर तिथे बसून हात हलवत घरी येतात.

हे ऐकताना मला धरमतरच्या खाडीवरचे तुम्ही आठवलात. उधाणाच्या भरतीचं पाणी बांधाला लागून उघाडीपाशी, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारापाशी, घोळायला लागलं की तुम्ही बाकी सगळं सोडून तिकडे जायचात. का, ते कधी सांगितलं नाहीत. "गप बस, पाणी बघ" एवढंच.

प्रदर्शनात ट्रकवर एक लांबलचक काचेची टाकी होती, आत जिवंत मासे. वर फळीवर उभा राहून एक जण गळ खाली सोडत होता आणि माइकवर बोलत होता. त्याच्या सदऱ्यावर इतक्या कंपन्यांची नावं शिवलेली की मूळ कापडाचा रंग कळेना. पण माणूस जाणता. त्याने शिशाच्या डोक्याचा गळ, त्याला बारका मासा टोचलेला, तळापासून वीतभर उचलला आणि हळूच खाली टेकू दिला. एक वॉलआय आला, नाकाशी येऊन थांबला. मग नुसतं तोंड उघडलं. मासा पुढे सरकलासुद्धा नाही, पाण्याबरोबर आमिष आत ओढलं गेलं. आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत ते बाहेर थुंकलं. वर काठीच्या टोकाला काही म्हणजे काही हाललं नाही! टाकीसमोरच्या सगळ्यांनी ते बघितलं, फक्त वर उभ्या माणसाला पत्ता नव्हता. तो म्हणाला, आता घरी जाऊन हिशोब करा, आजवर असे किती गेले असतील.

मला त्या एका क्षणात तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

यावर इथल्या लोकांनी काढलेला उपाय तुम्हाला आवडेल. 1960 च्या दशकाच्या अखेरीस इकडच्या ब्रेनर्ड गावात लिंडनर बंधूंनी एक मांडणी बाजारात आणली, तिला लिंडी रिग म्हणतात. बुटाच्या आकाराचं शिसं असतं, त्याच्या भोकातून दोरा मोकळा सरकतो. शिशाच्या खाली एक फिरती कडी, म्हणजे शिसं आणखी खाली घसरत नाही. कडीच्या पुढे चार-सहा फूट बारीक दोरा, टोकाला लहानसा गळ आणि गळाला जळू. हो आई, जळू, दुकानात डब्यात विकत मिळते. ती तिच्या चिकटायच्या बाजूनेच ओवायची, मग ती मागे फडफडत पोहते. बोट अगदी सावकाश सरकवायची, रिळावरची तार उघडी ठेवायची आणि दोरा तर्जनीवर अडकवून धरायचा. शिसं तळावरून खरवडत येतं ते बोटाला कळतं: चिखल असला तर ओढल्यासारखं, खडी असली तर टकटक. मासा लागला तर झटका बसत नाही, नुसतं जड होतं, ओल्या फडक्यासारखं. तेव्हाच बोटावरचा दोरा सोडायचा. दोरा शिशातून सुळकन निघून जातो, माशाला वजन जाणवत नाही, त्यामुळे तो थुंकत नाही. थोडा वेळ जाऊ द्यायचा, ढिला दोरा गुंडाळायचा, आणि मग काठी सपकन मागे.

हे सगळं बोटाच्या एका पेरावर चालतं. गॅरी रोच नावाचे एक जुने गळवाले आहेत, इथे त्यांना "मिस्टर वॉलआय" म्हणतात. बोट उलटी, मागच्या बाजूने लाटांवर घालून अशी हळूहळू नेण्यात त्यांचा हातखंडा. उलटी का, तर पुढे चालवली की ती वाऱ्याने भरकटते आणि वेग आवरत नाही.

बाकीही बरंच काही शिकवलं, ते थोडक्यात. उन्हाळ्यात पाणी तापलं की तारेचं वाकडं वजन तळावर टेकवत मागे चकती फिरवत गांडूळ ओढायचं, ताशी साधारण मैलभर वेगाने. दर 10 फूट खोलीला अदमासे एक औंस वजन, दोरा पाण्यात 45 अंशांवर राहिला की बरोबर. आणखी खोल जायचं तर पोटात शिसं असलेला दोरा. त्याचा रंग दर 10 यार्डांनी बदलतो, म्हणजे किती रंग बाहेर गेले यावरून माशाची पातळी लक्षात ठेवता येते. लिंडनर बंधूंनी 1975 मध्ये मासिक काढलं, त्यातलं सूत्र इथे अजून पाठ म्हणतात: मासा, अधिक जागा, अधिक मांडणी, बरोबर यश. फळ्यावर लिहिलेलं बघून हसू आलं, पण खोटं नाही. लोक मांडणीवर सगळे पैसे उडवतात आणि जागेचा विचार करत नाहीत.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही. हल्ली समोरचं दाखवणारं सोनार आलंय. पडद्यावर मासा चालताना दिसतो आणि त्याच्या नाकासमोर आमिष सोडायचं. त्या व्याख्यानाला सर्वांत जास्त गर्दी. बोलणारा पूर्ण वेळ पडद्याकडे बोट दाखवत होता, पाण्याबद्दल एक शब्द नाही. शेजारी ऐंशीच्या आसपासचे एक आजोबा बसले होते, गुडघ्यावर वही. आधीच्या प्रत्येक व्याख्यानात त्यांनी टिपणं घेतली, इथे पेनाला टोपण लावलं. जन्मभर मासे धरलेला माणूस, तरी वही घेऊन येतो, हे बाबांनी ध्यानात घ्यावं.

आई, आता तुझ्यासाठी. मासा कापायचं प्रात्यक्षिकही होतं. विजेवर चालणारी सुरी, दोन सपके, दोन्ही बाजूंचं मांस वेगळं, आणि डोकं, काटा सगळं कचऱ्यात! माझा जीव कळवळला. इथे डोक्याचं कालवण कुणाला माहीतच नाही. जाणकार तेवढे गालांचं मांस काढून ठेवतात. गेल्या उन्हाळ्यात मी डोकी मागून घेतली तर देणाऱ्याला वाटलं मांजरासाठी. मांस पांढरं, पापुद्र्याचं, वास जवळजवळ नाही. रव्यात घोळून तळलं तर उत्तम, पण तुझं तिखट त्याला जड जातं, मसाला निम्मा घालावा लागतो. आणि एक गंमत, तुकडे घरी नेताना प्रत्येकाला खवल्यांसकट इंचभर कातडी ठेवावी लागते. वाटेत कुणी तपासलं तर मासा कोणता ते कळायला हवं.

नियम कडक आहेत, आणि त्यांच्यामागे इतिहास आहे. मिल लॅक्स नावाचं तळं आहे, 1,32,000 एकरांचं, पण सगळ्यात खोल जागा 42 फूट. तिथे वॉलआयवरून सरकार, गळवाले आणि मूळचे ओजिब्वे लोक यांच्यात वर्षानुवर्षं ओढाताण. ओजिब्वेंनी 1837 च्या करारात जमीन दिली पण मासेमारीचा हक्क राखून ठेवला होता, आणि तो 1999 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. उत्तरेला रेड लेकमध्ये मासा इतका संपला की त्याच 1999 मध्ये तिथली वॉलआयची मासेमारी पूर्ण थांबवली. पिल्लं सोडली, वाट बघितली, आणि 2006 मध्ये पुन्हा परवानगी दिली. सात वर्षं कुणी हात लावला नाही. बाबा, खारेपाटात जिताडा आता औषधालाही मिळत नाही म्हणता, तिथे सात वर्षं कोण थांबेल, सांगा.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहिलं. त्या व्यासपीठावर जे जे सांगितलं गेलं, त्यातलं निम्मं तुम्हाला ठाऊक आहे, फक्त खाडीचं आणि जिताड्याचं. फरक इतकाच की इथले लोक ते उलगडून सांगतात. आपली खास जागा सांगत नाहीत, तेवढे तेही पक्के, पण पाणी कसं वाचायचं ते हातचं न राखता सांगतात, आणि लोक तिकीट काढून ऐकतात. तुम्ही मला आणि दादाला कोलंबीचा डबा धरायला लावलात आणि गप्प बसायला सांगितलंत. दादा आता खाडीवर जातही नाही. चिन्मयला मात्र आवड आहे, गेल्या गणपतीत तो तुमच्या गळाच्या पेटीपाशीच घोटाळत होता. त्याला घेऊन बसा. तो फोनवर रेकॉर्ड करेल, तुम्ही नुसतं बोलायचं. लिहायचा त्रास नको.

सुरुवातीला हे विचारते. जिवंत कोलंबी तुम्ही डोक्यातून ओवायचात की शेपटीतून, आणि का? जिताडा भरतीला जास्त लागतो की सुकतीला, आणि उधाणाची मोठी भरती बरी की भांगाची लहान? शिसं घट्ट बांधायचात की सरकतं? जिताडा कोलंबी आधी थुंकतो की सरळ गिळतो, तुम्हाला बोटाला काय कळायचं? अमावस्येच्या रात्री कंदील पाण्यापासून लांब का ठेवायचात? गढूळ पाण्यात कुठे टाकायचा ते कशावरून ठरवायचात, वासावरून म्हणालात तरी चालेल, मी हसणार नाही. आणि उघाडीपाशी नेमकं काय बघायचात?

उत्तरं सविस्तर हवीत. "सवयीने कळतं" असं बोलून सुटायचं नाही, इथे कुणी तसं म्हटलं तर लोक उठून जातात.

आई, आमसुलं संपत आली आहेत, शेजारच्या काकूंचा मुलगा मेमध्ये इकडे येतोय त्याच्याबरोबर पाठव. वरून मीठ जास्त घालू नकोस. बाबांचा कानाचा डॉक्टर या महिन्यात ठरलाय ना, तो पुढे ढकलू नका.

तुमची,
सुजाता