डॅशहाउंडची पाठ : मित्रास पत्र

परभणी

प्रिय श्रीकांत,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. अंबाजोगाईच्या वाड्यात डॅशहाउंडचे पिल्लू आणायचे ठरले आहे, हे वाचून फार आनंद झाला. त्याला खायला काय घालावे, एवढेच तू विचारले आहेस. पण मला आधी त्याच्या पाठीविषयी लिहायचे आहे, कारण या कुत्र्याची निगा ही बहुतांशी त्याच्या पाठीचीच निगा असते.

जर्मनीतल्या शिकाऱ्यांनी हा कुत्रा जमिनीखाली शिरण्यासाठी घडवला. बॅजर हा बिळात राहणारा, अंगावर येणारा चिवट प्राणी. त्याच्या मागे अंधाऱ्या बोगद्यात घुसायचे म्हणून आखूड पाय, लांब धड, खोल छाती, माती उकरणारे रुंद पंजे आणि वर उभ्या असलेल्या धन्याला ऐकू जाईल असा, देहाच्या मानाने फार मोठा आवाज त्याला लाभला. आपल्याकडचा पश्मी जातीचा शिकारी कुत्रा सावज डोळ्यांनी हेरून मोकळ्या माळावर धावतो. हा नाकाने माग काढतो आणि धन्याच्या नजरेआड एकट्याने निर्णय घेतो. लोक त्याला हट्टी म्हणतात, पण बिळात हाक मारायला कोणी नसते, तेथे हाच गुण कामाला येत असे. त्याला रागावून काही शिकवता येत नाही. थोडा वेळ, खाऊ दाखवून आणि रोज शिकवलेस तर तो सगळे शिकतो. मोठ्या चणीचा साधारण 7 ते 14 किलो भरतो आणि लहान चणीचा 5 किलोंच्या आसपास. आपल्याकडे बहुधा गुळगुळीत केसांचा दिसतो आणि आपल्या हवेला तोच बरा.

आता पाठीविषयी. त्याचे पाय आखूड राहतात ते एका जनुकाची जादा प्रत शरीरात असल्यामुळे. हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेची वाढ त्यामुळे लवकर थांबते. अशाच आणखी एका जादा प्रतीमुळे मणक्यांमधल्या चकत्याही बिघडतात. इतर बहुतेक कुत्र्यांत त्या पुष्कळ वर्षे लवचीक राहतात, पण याच्या चकत्यांचा मऊ गाभा पहिल्या एक-दोन वर्षांतच कडक होऊ लागतो, आणि पुढे एखाद्या उडीने किंवा काही कारण न दिसताही तो फुटून मज्जारज्जूवर दाबला जातो. दर चार-पाच डॅशहाउंडांमागे एकाला हा त्रास होतो, आणि तो बहुधा तिसऱ्या ते सातव्या वर्षांदरम्यान, म्हणजे ऐन उमेदीत होतो.

म्हणून पिल्लू येण्यापूर्वीच माडीच्या जिन्याला खाली आडवी फळी बसवून घे. तो जिना उभा आहे, मला चांगला आठवतो. दिवाणावर आणि बाजेवर त्याला उडी मारू देऊ नये. वर घ्यायचेच तर एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या भागाखाली ठेवून, पाठ आडवी राहील अशा बेताने उचलावे. पुढचे दोन पाय धरून उचलण्याची मुलांना हौस असते, ती पहिल्याच दिवशी मोड. ओसरीवरच्या शहाबादी फरशीवरून त्याचे पाय घसरतात, तेथे जुनी सतरंजी अंथरून ठेव. गळ्यात पट्टा असू दे, पण फिरवताना दोरी छातीच्या पट्ट्यालाच बांध.

एखाद्या दिवशी तो पाठ कुबडी करून बसला, उचलताच किंचाळला किंवा मागचे पाय ओढू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे ने. दुखणे सौम्य असले तर काही आठवडे पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती आणि औषध पुरते. पण पाय लुळे पडले आणि बोटे जोराने चिमटली तरी त्याला कळेनासे झाले, तर शस्त्रक्रियेसाठी तासही मोलाचे असतात. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी त्याला मुळीच देऊ नकोस. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटात व्रण करतात आणि मूत्रपिंडे निकामी करतात. आपल्याकडे पशुवैद्यकीय महाविद्यालये परभणीला आणि उदगीरला आहेत.

खाण्याचा प्रश्नही पाठीशीच येऊन भिडतो, कारण वाढलेल्या प्रत्येक किलोचा भार मणक्यांवर पडतो. ज्वारीची भाकरी त्याला चालते, पण नुसत्या भाकरीवर ठेवलेला कुत्रा लठ्ठही होतो आणि अशक्तही. सोबत उकडलेले अंडे, बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी, थोडे दही असावे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट ही त्याला विषे आहेत, म्हणजे आपला रस्सा बंदच. हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागल्या पाहिजेत. तो सदैव भुकेल्या नजरेने पाहील. वहिनींना आणि मुलांना हे आधीच सांगून ठेव.

उन्हाळ्यात आपल्या भागात पारा 42 अंशांपलीकडे जातो. याचे पोट जमिनीलगत असल्याने खालून तापलेल्या डांबराची धगही त्याला लागते. तेव्हा फिरणे पहाटे आणि दिवस मावळल्यावर बऱ्याच उशिरा. दुपारी माळवदाखालची गार खोली त्याच्यासाठी उत्तम.

शेतावर मात्र जपून ने. बिळाशी नाक लावून काळी माती उकरण्यात त्याला जो आनंद होतो तो पाहण्यासारखा असतो आणि तो त्याच्याकडून पूर्णपणे हिरावून घेऊ नये असे मला मनापासून वाटते. परंतु त्याच बिळात घोणस किंवा नाग असू शकतो आणि हा मागे हटत नाही. उंदरांसाठी विषारी गोळ्या ठेवलेल्या वावरात किंवा नुकत्याच फवारलेल्या कपाशीत त्याला सोडूच नकोस. परतल्यावर कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड पाहावी. गोचीडताप आपल्याकडे फार कुत्री नेतो. लोंबत्या कानांत हवा खेळत नाही, म्हणून ते आठवड्यातून एकदा पुसून कोरडे करावेत. लशींचे वेळापत्रक डॉक्टर देतील; रेबीजची लस मात्र दरवर्षी चुकवू नये.

पिल्लू 8 आठवड्यांचे होण्याआधी आईपासून तोडू नये. विक्रेत्याकडे त्याचे आई-बाप प्रत्यक्ष पाहा आणि त्यांना पाठीचा त्रास झाला होता का, हे विचार. ठिपकेदार रंगाचे पिल्लू मुलांना आवडेल, परंतु आई आणि बाप दोघेही ठिपकेदार असतील तर घेऊ नकोस. अशा जोडीची काही पिल्ले आंधळी किंवा बहिरी निपजतात. पिल्लू पाहायला केव्हा जाणार ते कळव, मी परभणीहून येईन आणि आपण दोघे मिळून आई-बाप पाहू. जिन्याची फळी मात्र त्याआधी बसवून घे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दत्ता