मावशी, तुम्ही शिवलेल्या खिशाबद्दल

प्रिय मावशी,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला आले की तुम्ही ‘चहा टाकू का?’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण ज्या बायकांना ही माहिती हवी असते त्या ती कुणाला विचारत नाहीत, हे मला आता पक्कं ठाऊक आहे. तुमची नात हे मोठ्याने वाचून दाखवेल, तेव्हा मध्येच उठून गॅस बघायला जाऊ नका.

कर्करोगासाठी माझा डावा स्तन काढला, हे तुम्हाला आपल्या गल्लीतल्या इतरांइतकंच माहीत होतं. त्यानंतर डावा हात खांद्याच्या वर जाईना हे मात्र घरातच होतं. जखम पूर्ण भरली, उपचार संपले, डॉक्टरांनी हो म्हटलं आणि फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, पोहता येत असेल तर पाण्यात उतरा. येत तर होतं. मामाच्या गावी विहिरीत, पाठीला डबा बांधून शिकले होते मी. तेव्हा अंगात जुना सुती फ्रॉक असायचा आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही.

पुण्यातल्या तरणतलावावर सुती कपडा चालत नाही. नायलॉन किंवा लायक्राचाच पोशाख आणि डोक्यावर टोपी, असा नियम. नियम बरोबरच आहे. सुताचे धागे सुटून गाळणीत अडकतात, आणि भिजलेलं सूत इतकं पाणी पितं की पोहणाऱ्यालाच खाली ओढतं. पण तो पोशाख आणायचा कुठून? दुकानात गेले, तर तिथे मापं एस, एम, एल, एक्सएल. म्हणजे छाती किती एवढाच हिशेब. धड लांब की आखूड याची दाद ना फिर्याद. एल खांद्यावर काचायचा, एक्सएल पाठीवर फुगायचा, आणि डाव्या बाजूला प्रत्येकाची पिशवी लोंबायची. विकणारी मुलगी पडद्याबाहेरून ‘फिटिंग कसं आहे, मॅडम?’ विचारत राहिली. फिटिंग काय सांगणार तिला!

परदेशात अशा ऑपरेशननंतरचे खास पोशाख मिळतात, आत खिसा असलेले. ऑनलाइन किंमत पाहिली आणि फोन बाजूला ठेवला.

तुमच्याकडे मी आले होते ब्लाउज आल्टर करायला. बोलता बोलता पोहण्याचं निघालं, आणि तुम्ही ब्लाउज खाली ठेवून विचारलंत, ‘त्याला कापड कसलं लागतं गं?’ बिचारी, आता काय करणार, देवावर भरवसा ठेव, यातलं काही नाही. कापड कसलं लागतं! ऑपरेशननंतर इतका कामाचा प्रश्न मला दुसऱ्या कुणी विचारल्याचं आठवत नाही.

मग माप घेतलंत. आयुष्यभर ब्लाउज शिवलेल्या बाईची वही मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. इतरांच्या नावापुढे छातीचा एकच आकडा. माझ्या पानावर तुम्ही मधोमध उभी रेघ मारलीत आणि उजवीकडचं माप उजवीकडे, डावीकडचं डावीकडे लिहिलंत. मधल्या हाडापासून काखेपर्यंत इतकं, खांद्यापासून खाली इतकं. डोळे टेपवर. मी काहीतरी ओशाळून बोलले असणार, कारण तुम्ही मान वर न करता म्हणालात, ‘दोन्ही बाजू सारख्या कुणाच्या असतात? उजव्या हाताने पोळ्या लाटणारीचा उजवा खांदा उतरलेला असतो. मी कुणाला सांगत नाही एवढंच.’

या वाक्यासाठी आभार, मावशी. पत्र इथेच संपवलं असतं तरी चाललं असतं, पण कामाच्या गोष्टी पुढेच आहेत.

सगळ्यात महत्त्वाचं माप कुठल्याच दुकानात घेत नाहीत: खांद्यावरून टेप पुढे खाली, दोन्ही पायांमधून मागे आणि पाठीवरून परत त्याच खांद्यावर. धडाचा हा पुरा घेर चुकला की पोशाख एकतर खांदे ओढतो, नाहीतर भिजल्यावर खाली लोंबतो. तुम्ही हे माप एकदा उभं राहून घेतलंत, एकदा वाकून.

दुसरी गोष्ट उलट्या हिशेबाची. ब्लाउजला आपण मापात सैलपणा मिळवतो, इथे वजा करायचा. तुम्ही लायक्राची घडी पट्टीवर चार इंच धरलीत आणि ओढलीत, ती सहाच्या पुढे गेली. आडवी ताणलीत, उभी ताणलीत, सोडल्यावर जागेवर परत येते का पाहिलंत. मग माझी बेचाळीसची सीट, म्हणजे कमरेखालचा घेर, अडतीसवर बेतलीत. मी घाबरले. ‘अंगावर गेलं की होईल बेचाळीस,’ म्हणालात. झालंच.

कापड आपण रविवार पेठेतून आणलं. तुम्ही दुकानदाराकडून ग्लासभर पाणी मागून घेतलंत, कापडाचा कोपरा बुडवलात आणि हातावर पसरून बोटं दिसतात का ते बघितलंत. फिकट निळ्यातून दिसली, गडद जांभळ्यातून नाही. त्यामुळे जांभळं, आणि आतून पुरं अस्तर. कापडात पॉलिएस्टर जास्त असलेलं निवडलं, कारण तलावातलं क्लोरीन स्पँडेक्सला, म्हणजे लायक्रातल्या ताणणाऱ्या धाग्याला, हळूहळू खातं आणि पॉलिएस्टर त्यापुढे जास्त तग धरतं. हा स्पँडेक्स 1958 साली अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स या रसायनतज्ज्ञाने तयार केला. बायकांच्या आतल्या घट्ट कपड्यांतल्या रबराला पर्याय म्हणून त्यांचा शोध चालला होता. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘पुरुषाने एक तरी कामाचं केलं.’ नातीने हे वाक्य वाचताना काकांकडे बघू नये.

शिवताना खरी गंमत. तुमचं काळं मशीन सरळ टाक्याचं. नमुन्याच्या तुकड्यावर सरळ शिवण मारून तुम्ही ती माझ्या हातात दिलीत, ‘ओढ.’ ओढली, तर दोरा कटकट तुटत गेला. कापड ताणतं, दोरा ताणत नाही. टाका नागमोडी असला तरच त्याला पुढे सरकायला वाव मिळतो. त्यातून साध्या सुईने टाके सुटत होते, म्हणून होजियरीला वापरतात ती गोल टोकाची सुई आणली. ती धागा तोडत नाही, बाजूला सारून आत जाते. दोरा पॉलिएस्टरचा. आणि नागमोडी टाक्यासाठी आपण गेलो कोपऱ्यावरच्या पिको-फॉलच्या दुकानात. साड्यांचे काठ शिवणारं ते मशीन दुसरं करतं काय, झिगझॅगच! हे मला सुचलं नसतं. तुम्ही त्या पोराला टाका बारीक करायला लावलात, कापड ओढलं जाऊ नये म्हणून खाली पतंगाच्या कागदाच्या पट्ट्या घातल्यात आणि शिवण झाल्यावर त्या फाडून काढल्यात. ‘हे काय आहे, काकू?’ त्याने विचारलं. ‘कापड आहे. शीव.’

आता खिसा. सिलिकॉनचा कृत्रिम स्तन मिळतो, माझ्याकडे आहेही, पण महागाची वस्तू पाण्यात न्यायला जीव होत नाही आणि वजनाने पट्टा ओढला जातो. फोमचं पॅड घालून पाहिलं, तर ते पाणी पिऊन बसलं आणि बाहेर आल्यावर पोटावरून धार. तुम्ही उजव्या बाजूच्या कटोरीचा कागद काढलात, त्यावरून अस्तराच्याच कापडाची पिशवी शिवलीत आणि आत भांडी घासायच्या नव्या नायलॉनच्या जाळीच्या घड्या भरल्यात. जाळीत पाणी थांबत नाही, आलं तसं निघून जातं. पिशवी हलकी झाल्यामुळे वर तरंगेल हे लक्षात आल्यावर तळाशी थोडे काचमणी टाकून वरून टाका मारलात. अस्तराला डाव्या बाजूने खिसा, तोंड काखेकडे, म्हणजे पिशवी काढून धुता येते. बाहेरचं कापड दोन्हीकडे सारखंच बेतलेलं. कुठल्या डिझायनरला हे सुचलं असतं तर त्याने त्याला इंग्रजी नाव देऊन पाचपट पैसे लावले असते.

काखेपाशी माझा व्रण आहे. त्या बाजूचा मुंढा तुम्ही वरचेवर मोठा करत गेलात, इलॅस्टिक तिथे घातलंच नाहीत; त्याच कापडाची दुमडपट्टी लावलीत, मऊ. काखेतल्या गाठी काढलेल्या असल्याने त्या हाताला काचणारं काही घालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी ते तुम्हाला एकदाच सांगितलं होतं. कटोरीची शिवणही व्रणावरून न जाता खालून वळवलीत. गळा वर घेतलात, खांद्याची पट्टी रुंद केलीत. पाय मात्र मी गुडघ्यापर्यंत मागितले, आणि तुम्हाला वाटलं मी लाजतेय. थोडी लाजतही होते, पण जागतिक स्पर्धांच्या नियमातसुद्धा 2010 पासून बायकांचा पोशाख खांद्यापासून गुडघ्यापर्यंत चालतो. पोहायला मांड्या उघड्याच हव्यात असं काही नाही.

ट्रायल तुमच्या बाथरूममध्ये झाली. अंगावर बादलीभर पाणी ओतून घेतलं, हात वर, कमरेत वाक, खाली बस, पुन्हा उठ. दाराबाहेरून तुमचा आवाज: ‘मागून सरकतंय का? खरं सांग, लाजू नकोस, उसवायला दोन मिनिटं लागतात.’ सरकत होतं. पायांच्या कडेचं मागच्या बाजूचं इलॅस्टिक तुम्ही जरा आखूड केलंत, पुढचं तसंच ठेवलंत. दुकानातल्या पडद्यामागे उभी असताना मला वाटायचं माझं अंग कपड्याला बसत नाही. तुमच्या बाथरूममध्ये ओली उभी असताना सारखं कपड्यालाच बोलणं बसत होतं. त्याला उसवा, त्याला आत घ्या, त्याला सोडा. मी नुसती उभी.

लेडीज बॅचला पहिल्यांदा गेले तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही. हीच शिलाईची पावती. पाण्यात पाठीवर पडून डावा हात डोक्यामागे न्यायचा प्रयत्न करते. अजून पूर्ण जात नाही, पण कानाला लागतो. पोशाखही टिकलाय. तलावात उतरण्याआधी नळाखाली भिजवून घेते, म्हणजे तो आधीच साधं पाणी पितो आणि क्लोरीनचं कमी ओढतो. घरी आल्यावर गार पाण्यातून काढते, पिळत नाही, सावलीत आडवा टाकते. वॉशिंग मशीनमध्ये टाकायचा नाही हे सासूबाईंनाही सांगून ठेवलंय.

दुसरा मी स्वतः शिवला, हे तुम्हाला माहीत आहे. बेतताना तुम्ही समोर खुर्चीत बसून शेंगा सोलत होतात आणि मुद्दाम काही बोलत नव्हतात. या दुसऱ्यात मी डावी बाजू सपाट बेतली. खिसा नाही, पिशवी नाही. तुम्ही कात्री चालताना एकदाच विचारलंत, ‘ठरवलंयस ना?’ मी हो म्हटलं, तुम्ही परत शेंगांकडे वळलात. काही दिवस जांभळा घालते, काही दिवस हा. ज्या दिवशी जसं वाटेल तसं. लोक समजावतात, बायका सल्ले देतात, एका नातेवाईक बाईंनी तर ‘बरं दिसत नाही’ असंही सांगून झालं. तुम्ही मात्र दोन्हीची शिवण उलटून पाहिलीत आणि माझ्या पट्टीला एका ठिकाणी सुरकुती आलीय एवढंच बोललात. आली होती.

आता एक शेवटचं. जांभळ्याची शिलाई तुम्ही घेतली नाहीत. ‘शिकलीस ना, मग झालं.’ मी ऐकून घेतलं, पण मनातून पटलेलं नाही. बॅचमधल्या एकीने परवा कपडे बदलायच्या खोलीत माझ्या खिशाकडे बोट दाखवून हळूच विचारलं, हा कुठे मिळतो. तिचीही एक बाजू गेलीय, उजवी. दुसरी एक आहे, तिला ऑपरेशन वगैरे काही नाही, फक्त दुकानातला कुठलाच एक्सएल तिला होत नाही. दोघींना मी गुरुवारी दुपारी चारनंतर तुमच्याकडे घेऊन येतेय. कापड त्या आणतील, नागमोडी शिवणीसाठी पिकोवाल्याकडे मी जाईन, पतंगाचे कागदही माझ्याकडे उरलेत. पण मावशी, त्यांच्याकडून शिलाई घ्यायची. पूर्ण घ्यायची, आणि अस्तराचे वेगळे लावायचे.

तुमची,
समोरच्या बिल्डिंगमधली, दुसऱ्या मजल्यावरची