पंचेचाळीस दिवस मोजायचे कुठून?

महोदय,

छोट्या कारखान्यांना मोठ्या कंपन्यांशी जोडून देण्यासाठी ‘व्हेंडर डेव्हलपमेंट’चे मेळावे ठिकठिकाणी भरतात. कंपन्यांचे खरेदी अधिकारी येतात, व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा जमतो आणि बहुतेक वेळा गाडी तिथेच अडते. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या दहा-वीस कामगारांच्या मशीन शॉपला त्या कार्डाच्या पुढे काय काय पार करावे लागते, ते जरा तपशिलात लिहितो.

पहिली अडचण मापाची. समजा 25 मिमी बोअरचा (आतल्या भोकाचा), एच7 या मापमर्यादेतला साधा बुश, म्हणजे नळीसारखा पार्ट, करायचा आहे. बोअर 25.000 ते 25.021 च्या आत हवा, म्हणजे सगळी मोकळीक 21 मायक्रॉनची. शॉपमधल्या नेहमीच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंटच, म्हणजे मोजता येणारे सर्वांत लहान मापच, 20 मायक्रॉन! त्यावर ‘ओके’ झालेला लॉट कंपनीच्या प्लग गेजवर (भोकात घालून माप तपासायच्या दांड्यावर) अडकला तर नवल काय? त्यात झिंक प्लेटिंग असेल तर आणखी गंमत. आतल्या बाजूला 8 मायक्रॉनचा थर बसला की बोअर 16 मायक्रॉनने आवळतो. मशीनवर अगदी मधोमध, 25.010 ला काढलेला पीस प्लेटिंगहून 24.994 होऊन येतो आणि गेजची ‘गो’ बाजूच, जी आत जायलाच हवी, ती आत शिरत नाही. यात ऑपरेटरची काही चूक नसते. माप प्लेटिंगच्या आधीचे की नंतरचे, हे ड्रॉइंगवर लिहिलेले नसते आणि विचारले तर आपल्याला काम येत नाही असे वाटेल म्हणून शॉपवाला गप्प बसतो. हा प्रश्न कोटेशन देण्याआधी मेलवर विचारावा, उत्तरही मेलवरच घ्यावे. ड्रॉइंगचा रिव्हिजन (आवृत्तीचा) नंबर पीओवरच्या, म्हणजे खरेदी-ऑर्डरवरच्या, नंबराशी जुळतो का, तेही पाहावे. जुन्या रिव्हिजनवर हजार पीस काढून बसलेली माणसे कमी नाहीत. महागडी तपासणी यंत्रे प्रत्येकाने घ्यायची गरज नाही. चिंचवडचे ऑटो क्लस्टर, वाळूजचे मराठवाडा ऑटो क्लस्टर, छत्रपती संभाजीनगरचे इंडो-जर्मन टूल रूम अशा सामाईक सोयी पैसे भरून वापरता येतात. गो-नोगो प्लग गेज मात्र स्वतःचा हवा.

दुसरी गोष्ट डायची, म्हणजे पार्ट काढायच्या साच्याची. 2 लाखांची डाय पुरवठादाराने करायची आणि तिचा खर्च 50 हजार पीसवर, पीसमागे 4 रुपये, असा वसूल करायचा, हा नेहमीचा सौदा. 18 हजार पीसवर कंपनीने मॉडेल बदलले तर हातात येतात 72 हजार. उरलेले 1 लाख 28 हजार डायसकट रॅकवर पडून राहतात. अमुक महिन्यांत ठरलेले पीस उचलले नाहीत तर बाकी रक्कम एकरकमी द्यायची, ही एक ओळ पीओमध्ये हवी. शेड्यूल म्हणजे पुढे लागणाऱ्या मालाचा कंपनीने दिलेला अंदाज, पक्की ऑर्डर नव्हे, हे नव्या पुरवठादाराला कोणी सांगत नाही.

आता पैशांचे. सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग विकास कायदा 2006 च्या कलम 15 नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत, आणि करार नसला तर 15 दिवसांत द्यावे लागतात. पीओवर ‘90 दिवस’ छापून सही घेतली, तरी कायद्यापुढे ते 45 च. मेख आहे ती मोजायला सुरुवात कुठून करायची यात. कायद्यात दिवस धरला जातो माल पोचल्यापासून; 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारलाच असे समजतात. कंपनीचे अकाउंट्स खाते मात्र मोजते बिल सिस्टिममध्ये ‘बुक’ झाल्यापासून. माल गेटमधून आत, जीआरएन (माल मिळाल्याची कंपनीची नोंद) ‘इन्स्पेक्शन बाकी’ म्हणून तीन आठवडे लटकलेला, आणि मग पेमेंट महिन्यातल्या ठरावीक दोनच तारखांना. असे 45 चे 80-90 कधी होतात, कळतही नाही. म्हणून मालासोबतच्या डिलिव्हरी चलनाच्या आपल्या प्रतीवर तारीख-वेळेसह गेटचा शिक्का घेतल्याशिवाय टेम्पो परत आणू नये. पुढे वाद झालाच, तर तो कागदच उपयोगी पडतो.

महिन्याला 5 लाखांचे काम करणाऱ्याचे 90 दिवसांच्या उधारीत 15 लाख अडकतात, 45 दिवसांत साडेसात. वरच्या साडेसात लाखांवर कॅश क्रेडिटचे (बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाचे) 12 टक्के धरले तर वर्षाला 90 हजार व्याज. 60 लाखांच्या उलाढालीवर दीड टक्का. जॉबवर्कमध्ये मार्जिन असते तरी किती? शिवाय मासिक विवरणपत्र भरणाऱ्याला जीएसटी पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला भरावाच लागतो, कंपनीचे पैसे येवोत न येवोत.

उशीर झाला तर कलम 16 नुसार बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागते आणि कलम 18 खाली, थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सुलभीकरण परिषदेकडे जाता येते. पण तिकडे गेलेल्या पुरवठादाराला पुढचे शेड्यूल मिळत नाही, ही भीती खोटी नाही. त्यामानाने 2023 च्या वित्त कायद्याने आयकरात आलेल्या 43बी(एच) ने जास्त काम केले: मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून धरता येत नाही, त्यामुळे मार्चअखेर बाकी चुकती करायला कंपनीकडूनच फोन येऊ लागले. त्यातूनही, हा नियम लागू होऊ नये म्हणून ‘उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून असलेली सरकारी नोंदणी) रद्द करून टाका’ असे सुचवणारे निघालेच. तसे मुळीच करू नये. नोंदणी मोफत आहे. ती पहिला माल जाण्याआधीची असावी, नाहीतर मागच्या बिलांवर वाद ओढवतो. आणि तिच्यात उत्पादन वा सेवा असे लिहिलेले हवे, नुसते ‘ट्रेडिंग’ असेल तर 45 दिवसांचे संरक्षण मिळत नाही.

भांडण न करता सुटण्याची वाट म्हणजे ट्रेड्स (TReDS), बिलांवर मुदतीआधी पैसे मिळवून देणारा ऑनलाइन मंच. बिल मंचावर चढवायचे, कंपनीने मान्य करायचे, बँका व्याजाची बोली लावतात, त्यातली परवडेल ती घ्यायची. एक-दोन दिवसांत पैसे खात्यात. मुदतीला बँक कंपनीकडून वसूल करते आणि कंपनीने बुडवले तरी पुरवठादाराच्या मागे लागत नाही. व्याज कंपनीच्या पतीवर ठरते, म्हणून ते शॉपच्या कॅश क्रेडिटपेक्षा सहसा स्वस्त पडते. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना 31 मार्च 2025 पर्यंत ट्रेड्सवर येणे बंधनकारक केले होते. नोंदणी करून बिल मान्य करायलाच तीन आठवडे लावले, तर मात्र त्या मंचाचा काय उपयोग?

तेव्हा पुढच्या मेळाव्यात आयोजकांनी खरेदी अधिकाऱ्याशेजारी अकाउंट्सचा माणूसही बसवावा. टेबलावर ब्रोशरऐवजी खरा पार्ट, त्याचे ड्रॉइंग आणि गेज ठेवावे. आणि कंपनीच्या पाटीखाली दोन आकडे लिहावेत: गेट एन्ट्रीपासून जीआरएनला सरासरी किती दिवस लागतात आणि ट्रेड्सवर बिल मान्य व्हायला किती.

– एक लघुउद्योजक, भोसरी