विसर्जन मिरवणूक : दारू पिऊन पडलेला माणूस दिसला तर

सर्व कार्यकर्त्यांसाठी,

मिरवणुकीत कुणी दारू पिऊन निपचित पडलेला दिसला तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून पुढे जाऊ नका. पोटातली दारू नंतरही रक्तात भिनत राहते, त्यामुळे दहा मिनिटांपूर्वी बोलणारा माणूसही बेशुद्ध पडू शकतो.

आधी हाक मारा, खांदा हलवा. उठत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल, अंग गार किंवा ओठ निळसर असतील तर लगेच १०८ लावा. श्वासच थांबला असेल तर छातीवर दाब द्यायला सुरुवात करा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, तोंड जमिनीकडे झुकतं ठेवा. उताणं ठेवलं तर उलटी श्वासनलिकेत जाते आणि माणूस गुदमरतो. हे सगळ्यात महत्त्वाचं. लिंबूपाणी, ताक, कॉफी काहीही पाजू नका, डोक्यावर पाणी ओतू नका, उलटी करवू नका.

गावठी प्यायल्यावर धूसर दिसतंय म्हणाला तर शुद्धीत असला तरी थेट रुग्णालयात न्या. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक जीव गेले.

रुग्णवाहिका येईपर्यंत एकाने तिथेच बसायचं. ढोल वाजत राहतील.